स्विस खेडं समजून घ्यायचं तर आधी हिवाळ्यातली वैरण मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. भूगोलाच्या एम.ए.साठी स्वित्झर्लंडमधल्या एका लहान शेतकरी खेड्यावर प्रकल्प करायचा आहे. भूगोल, अर्थकारण आणि इतिहास अशी तीन प्रकरणं ठरली आहेत. गाव कोणतं घ्यावं, सुरुवात कुठून करावी, आणि ‘ही गावं पर्यटन आणि सरकारी अनुदानावरच जगतात’ हे कुणीतरी सांगितलेलं खरं आहे का? शिवाय आपल्या गावच्या गायरानाशी तुलना जमेल का?

मी बरीच वर्षं ग्रामीण भूगोल शिकवते आहे आणि आल्प्सच्या या भागात कितीतरी उन्हाळे काढले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमच्या प्रश्नाकडेच पाहू. तीन प्रकरणं वेगवेगळी लिहिलीत तर हातात माहितीपुस्तिका येईल, गाव येणार नाही. खरा प्रश्न असा आहे: जिथे सपाट जमीन जवळपास नाही, पाऊस कमी आणि वर्षातले सहा-सात महिने गुरं गोठ्यात बांधून ठेवावी लागतात, तिथे एक गाव पाचशेपेक्षा जास्त वर्षं जंगल न तोडता, कुरणं न उजाडता टिकलं कसं? आणि आज ते कशावर जगतं? या प्रश्नामागे लागलात की भूगोल, अर्थकारण, इतिहास आपोआप एकत्र येतात.

कोणतं गाव घ्यायचं हे मात्र तुम्हाला काय शोधायचंय त्यावर ठरेल. ‘स्विस खेडं’ असं एक काही नसतं. बर्नजवळच्या एमेंटालमध्ये शेतकऱ्याचं घर शेतात एकटं उभं असतं, जुन्या रिवाजाने सगळी जमीन धाकट्या मुलाकडे जायची आणि दूध गावच्या चीज-घरात. दक्षिणेला व्हॅले परगण्यात घरं एकमेकांना चिकटून, जमिनीच्या चिंध्या झालेल्या, आणि वाटणी मुलगे-मुली सगळ्यांत सारखी. एकाचे निष्कर्ष दुसऱ्याला लावले तर फसगत होते. तुम्हाला गायरानाशी तुलना करायची आहे, म्हणून मी टर्बेल सुचवेन. तिथले लोक आपल्या बोलीत त्याला टेर्बिल म्हणतात.

टर्बेल व्हॅलेच्या वरच्या, जर्मन बोलणाऱ्या भागात आहे. झरमॅट या पर्यटनस्थळाला जाणारी रेल्वे खालच्या फिस्प गावावरून जाते. श्टाल्डेनला उतरायचं आणि पिवळ्या पोस्टाच्या बसने वळणं घेत वर चढायचं. गाव साधारण १५०० मीटर उंचीवर, उतारावर. लोकवस्ती पाचशेच्या आसपास. गावाची हद्द खाली फिस्पा नदीच्या घळीपासून वर जवळजवळ ३००० मीटरपर्यंत जाते. म्हणजे एकाच गावाच्या शिवारात द्राक्षाच्या बागेपासून उघड्या खडकापर्यंत सगळं आहे.

पावसाबद्दल आपल्याकडे हमखास गैरसमज असतो. आल्प्स म्हणजे हिरवं आणि ओलं, असं आपण धरून चालतो. पण फिस्पाचं हे खोरं दोन्ही बाजूंनी उंच पर्वतरांगांच्या आड आहे, त्यामुळे ते देशातल्या सगळ्यात कोरड्या भागांपैकी एक आहे. खोऱ्याच्या तळाला वर्षाला ५००-६०० मिमी पाऊस, म्हणजे आपल्या माणदेशाच्या जवळपास. फरक एवढाच की तिथे उष्णता कमी आणि वर बर्फाचा साठा. तो साठा वितळून येणारं पाणी पाटाने फिरवलं तरच गवताची दुसरी कापणी मिळते. माणदेश माहीत असलेल्या विद्यार्थ्याला हे गाव पटकन कळतं, असा माझा अनुभव आहे.

पहिल्या उन्हाळ्यात मी इथे मोठी चूक केली. नकाशे घेऊन बसले, कुणाची जमीन किती याचे तक्ते केले, आणि तुकडे इतके लहान निघाले की या लोकांचं पोट भरणं अशक्यच, असं उत्तर आलं. एका वयस्कर शेतकऱ्याने तो तक्ता पाहिला, मला हाताला धरून घराबाहेर नेलं आणि उतारावरचे गवताचे गोठे एकेक करून दाखवले. ‘हे मोज,’ म्हणाला. जमीन किती हा त्यांच्यासाठी दुय्यम प्रश्न होता. हिवाळ्यात किती गाई पोसता येतील, एवढाच हिशेब त्यांनी पिढ्यान् पिढ्या केला होता. त्या दिवसापासून मी कुठल्याही डोंगरी गावात आधी वैरण मोजते.

आता हा हिशेब नीट पाहा. वर्षभराचं काम उंचीप्रमाणे मांडलेलं असायचं. तळाशी थोडी द्राक्षं. गावाभोवती राय नावाच्या धान्याची खाचरं, भाजीचे वाफे आणि पाटाच्या पाण्यावरची गवताची कुरणं. त्यावर लार्च आणि स्प्रूसचं जंगल. त्याच्याही वर, झाडं संपतात तिथून, सामाईक उन्हाळी कुरण. त्यालाच ‘आल्प’ म्हणतात. लोकांच्या तोंडी आल्प म्हणजे पर्वत नव्हे, गुरं चारायची जागा. जूनमध्ये गुरं वर जायची, सप्टेंबरात खाली यायची. गुरं वर असताना माणसं खाली घामाघूम होऊन हिवाळ्याचं गवत कापून वाळवायची. आल्प नसता तर तेच गवत उन्हाळ्यातच संपलं असतं.

गवताचे गोठे इतके पसरलेले का, तर गवत डोक्यावरून घरी आणण्यापेक्षा गाय गवताकडे नेणं सोपं. एका गोठ्यातलं संपलं की दुसऱ्याकडे. धान्याची कोठारं गावातच, लार्चच्या काळवंडलेल्या लाकडाची. ती जमिनीवर टेकलेली नसतात. खाली लाकडी पाय, आणि प्रत्येक पायाच्या डोक्यावर जात्याच्या तळीसारखी गोल, चपटी दगडी चकती. उंदीर पायावरून चढतो, पण चकतीच्या काठाशी उलटं लटकून पुढे जाता येत नाही. मी त्या चकतीखाली हात घालून पाहिला आहे. कड इतकी बाहेर येते की बोटांनाही धरायला जागा मिळत नाही. आणि एका कोठाराला दारं अनेक, कारण मालक अनेक. घराचा एक मजला, गोठ्याचा अर्धा भाग, कोठाराचा चौथा हिस्सा अशा वाटण्या तिथे सर्रास असत.

आपण असे तुकडे पाहिले की तुकडेबंदीचा कायदा आठवतो. पण इथे तुकडे विखुरलेले असणं हाच विमा होता. वरच्या खाचराला दंव लागलं तरी खालचं वाचे. एका उतारावर हिमकडा कोसळला तरी दुसरा शाबूत. म्हणून ‘जमिनीचे तुकडे म्हणजे मागासलेली शेती’ असं वाक्य प्रकल्पात लिहू नका.

रायची भाकर म्हणता येणार नाही, पावच तो, पण आपल्या शिळ्या भाकरीसारखाच जपून वापरला जाई. गावाच्या सामाईक भट्टीत वर्षातून मोजक्या वेळा पाव भाजायचे, फळीवर उभे रचून ठेवायचे आणि महिनोन्महिने खायचे. इतका कडक होई की तो कापायला फळीला जोडलेलं अडकित्त्यासारखं पातं लागे. आज त्याच पावाला भौगोलिक मानांकन आहे.

मिठाचं मात्र गावात काही चालत नसे. चीज करायला मीठ हवंच, आणि या भागात ते बाहेरून येई. सतराव्या शतकात ब्रिगच्या कास्पार श्टोकाल्पर या व्यापाऱ्याने व्हॅलेत मिठाचा मक्ता मिळवला होता. त्याचा मनोऱ्यांचा वाडा ब्रिगमध्ये अजून उभा आहे, जाताना नक्की पाहा. ‘स्वयंपूर्ण खेडं’ हा शब्द लिहिताना ते मीठ लक्षात ठेवा. मिठासाठी पैसा हवा, पैशासाठी गुरं विकायला हवीत.

आता इतिहास, आणि या गावाचं नाव जगभर का झालं ते. १ फेब्रुवारी १४८३ रोजी टर्बेलच्या रहिवाशांनी एका दस्तावर सह्या करून आल्प, जंगल आणि पडीक जमीन यांच्या वापरासाठी संघटना बांधली. बाहेरच्या माणसाने गावात जमीन विकत घेतली तरी त्याला सामाईक आल्पवर किंवा जंगलात हक्क मिळणार नाही, असं त्यात ठरलं. १५१७ मध्ये आणखी एक नियम लिहिला गेला, तो मी विद्यार्थ्यांना तोंडपाठ करायला लावते: जितक्या गाई हिवाळ्यात आपल्या वैरणीवर पोसता येतात, त्यापेक्षा एकही गाय जास्त आल्पवर पाठवायची नाही.

किती साधा नियम आहे पाहा. गवताची मोजणी नको, कुरणाची क्षमता काढणारा तज्ज्ञ नको. ज्याच्याकडे वैरण जास्त त्याच्या गाई जास्त, पण उन्हाळ्यापुरत्या बाहेरून गाई विकत आणून सामाईक कुरणावर चारण्याची वाट बंद. गुरं वर पोचली की लगेच मोजत, आणि हंगामाअखेरीस कुणाला किती चीज मिळायचं ते त्याच मोजणीवर ठरे. नियम मोडणाऱ्याला जबर दंड. दंड वसूल करणाऱ्या गावकामगाराला गेवाल्टहाबर म्हणत, आणि दंडाची अर्धी रक्कम त्याची. त्यामुळे त्याची नजर कधी चुकत नसे. आल्पवरचे रस्ते, हिमकड्याने मोडलेली कुंपणं आणि झोपड्या दुरुस्त करायचं कामही ज्याच्या त्याच्या गाईंच्या प्रमाणात. जंगलातली तोडायची झाडं गावचे अधिकारी खुणा करून ठरवत आणि कुटुंबांच्या गटांना चिठ्ठ्या टाकून वाटत.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट नेटिंग यांनी १९७०च्या दशकात इथे राहून हे सगळं खणून काढलं. एक गोष्ट त्यांच्या नीट ध्यानात आली: जिथे प्रत्येकाची मेहनत त्याच्या तुकड्याला लागते तिथे, म्हणजे खाचर, बाग, कुरण यांत, मालकी खाजगी, आणि जिथे उत्पन्न थोडं, लहरी आणि वाटून घेणं अवघड तिथे, म्हणजे आल्प, जंगल, पडीक, पाट, वाटा यांत, मालकी सामाईक. दोन्ही एकाच लोकांनी, शेकडो वर्षं, शेजारी-शेजारी चालवल्या. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकन पर्यावरणशास्त्रज्ञांनी सामाईक कुरण अटळपणे उजाड होतं, असं मांडलं होतं. सामाईक साधनांच्या अमेरिकन अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी त्याला दिलेल्या उत्तरात टर्बेलचं उदाहरण महत्त्वाचं ठरलं. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

पाण्याची गंमत वेगळी. पाटाला वेळापत्रक असणारच, असं धरून आपण कागद मागायला जातो. टर्बेलमध्ये पाळ्यांचा पूर्ण आराखडा कुणा एकाकडे नव्हता. ज्याला त्याला आपली पाळी आणि आपल्या आधीचा-नंतरचा शेजारी ठाऊक, बस्स. व्हॅलेत पाण्याचे, चराईचे, कामाचे हक्क ‘टेसल’ नावाच्या लाकडी पट्ट्यांवर खाचा पाडून नोंदवायची पद्धत होती. विस्तवाजवळच्या सरपणाच्या ढलपीएवढी पट्टी, एका बाजूला घराण्याची खूण, कडेला खाचा. मी संग्रहालयात एक हातात घेतली होती. खाचांच्या कडा अंगठ्याने घासून घासून गुळगुळीत झालेल्या. सातबारा खिशात घालून फिरण्यासारखंच ते.

पण गाव गोजिरवाणं करून मांडू नका. हे समानतेचं राज्य ‘बुर्गर’ म्हणजे गावच्या मूळ हक्कदार कुटुंबांपुरतं होतं. बाहेरून आलेला बाहेरचाच. त्याच खोऱ्यात झरमॅटला हॉटेलं उभारणाऱ्या आलेक्झांडर झायलरलासुद्धा गावचा बुर्गर होण्यासाठी कित्येक वर्षं झगडावं लागलं, तेव्हा कुठे १८८९ मध्ये ते जमलं. बायकांना वारसा सारखा मिळे, शेतात काम तर जास्तच पडे, पण गावसभेत हात वर करायचा अधिकार नव्हता. जवळच्या उंटरबेख गावाने मार्च १९५७ मध्ये बायकांना मतदान करू दिलं, ते देशातलं पहिलं. वरच्या सरकारने ती मतं मोजणीत धरली नाहीत. देशपातळीवर मताधिकार १९७१ उजाडल्यावर मिळाला. आणि जमिनीचा वाटा हाती आल्याशिवाय संसार थाटता येत नसल्यामुळे लग्नं उशिरा होत, पुष्कळांची होतच नसत. लोकसंख्येवरचा तो लगाम लोकांच्या आयुष्यातून आला होता, हे आकड्यांमागे विसरायला होतं. बटाटा रुळल्यावर तो लगाम थोडा सैल झाला.

आता अर्थकारणाकडे, म्हणजे पर्यटन आणि अनुदानाकडे. अर्धं खरं आहे, पण क्रम चुकीचा. टर्बेलसारख्या गावाला आधी पर्यटनाने नाही, कारखान्याने बदललं. १८९१ मध्ये झरमॅटपर्यंत रेल्वे गेली, १९०६ मध्ये इटलीकडे जाणारा सिम्प्लॉन रेल्वे बोगदा सुरू झाला, आणि व्हॅलेतल्याच गाम्पेलला १८९७ मध्ये निघालेली लोन्झा ही रसायनांची कंपनी स्वस्त जलविजेच्या जोरावर पुढच्या दहा-बारा वर्षांत फिस्पमध्ये येऊन बसली. माणूस पाळीवर कारखान्यात आणि उरलेल्या वेळात गोठ्यात, असा ‘कामगार-शेतकरी’ तयार झाला. पगार आला तशी राय पहिली गेली, मग द्राक्षं, मग गाई. गवत शेवटपर्यंत राहिलं. आजही गावातली पुष्कळ माणसं सकाळी खाली फिस्पला कामाला उतरतात. वर मोसआल्पला रस्ता आहे, तिथे हिवाळ्यात थोडं स्कीइंग आणि उन्हाळ्यात चालणारे लोक. पण हे झरमॅट नव्हे. दुसऱ्या घरांचा, म्हणजे फक्त सुट्टीपुरत्या वापरायच्या घरांचा, प्रश्न मात्र इथल्या डोंगरी गावांना भिडतो. म्हणून २०१२ च्या सार्वमताने गावातली दुसरी घरं २० टक्क्यांवर रोखायचं ठरलं.

अनुदानाचं म्हणाल तर १९९६ च्या सार्वमताने शेतीने अन्नाबरोबर निसर्ग आणि वस्तीही सांभाळावी, हे संविधानात गेलं. आजचं कलम १०४. केंद्र सरकार वर्षाला साधारण २.८ अब्ज फ्रँक थेट शेतकऱ्यांना देतं. त्यातला उन्हाळी चराईचा भाग ज्या एककात मोजतात ते एकक बघा: एक मोठं जनावर, १०० दिवस. प्रत्येक आल्पवर किती जनावरं हवीत ते ठरलेलं असतं, आणि फार जास्त किंवा फार कमी नेली तर पैसे कापतात. बाहेरून चारा नेण्यावरही मर्यादा आहेत. १५१७ चा विचार वेगळ्या कपड्यांत आलाय, असं मला ते नियम वाचताना नेहमी वाटतं.

फक्त संकट उलटं झालंय. तेव्हा गाई जास्त होण्याची भीती होती, आज त्या कमी पडतात. चराई थांबली की हिरव्या आल्डरची झुडपं उतार गिळतात, मग जंगल पसरतं आणि पाट कोसळतात. मेंढ्या आहेत, काळ्या नाकाच्या, पण १९९५ पासून व्हॅलेत लांडगाही परत आलाय. तुमच्या प्रकल्पाचा शेवटचा भाग इथे असू दे. इथे लिहायला खूप आहे आणि विद्यार्थी हमखास सोडून देतात.

कामाचा क्रम मी असा ठेवेन. पहिले दोन दिवस पायी: नदीपासून आल्पपर्यंत एकदा चढा, आणि दर २०० मीटरला काय उगवतं, काय बांधलंय, काय मोडकळीला आलंय ते लिहा. मग गोठे मोजा, त्यातले वापरात किती ते पाहा. त्यानंतरच ग्रामपंचायतीत जा. तिथे दोन संस्था असतात हे ध्यानात ठेवा: एक सगळ्या रहिवाशांची, दुसरी फक्त बुर्गर घराण्यांची, जिच्याकडे जुनं जंगल आणि कुरण असतं. कुणाची कुठे नोंद हे विचारताना अवघडू नका. स्विस पासपोर्टवर जन्मगावाऐवजी हे मूळगावच छापतात, लोक आनंदाने सांगतात. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात किंवा सप्टेंबरच्या मध्यात गेलात तर गुरं चढताना-उतरताना दिसतील. जुलै-ऑगस्टमध्ये मुलाखती मागू नका, माणसं गवतात असतात.

गायरानाची तुलना जमेल, पण ‘त्यांचं टिकलं, आपलं का नाही’ अशी नका करू. टर्बेलचा नियम टिकला कारण सभासद कोण, हे नक्की होतं आणि दंड घेणारा गावातलाच होता. आपल्याकडे गायरानाची मालकी सरकारची आणि वापर गावाचा. अतिक्रमण झालं तर निर्णय तहसीलकडे. हा फरक आधी मांडा. दुसरं म्हणजे अडचणीचा हंगाम वेगळा. तिथे हिवाळा, आपल्याकडे मार्च ते जून. तेव्हा तुमच्या गावात होळीपासून मृगापर्यंत स्वतःच्या कडब्यावर किती जनावरं निभतात, ते घरोघर विचारून लिहा, आणि शेजारी गायरानावर प्रत्यक्ष किती जातात ते. हे दोन आकडे मिळाले की मला कळवा, पुढचं प्रकरण आपण त्यावरून बांधू.